इंजिनाचा लगाम

आपल्या शाळेच्या बागेस पाणी देणारें लहान पेट्रोल-इंजिन तुम्हीं पाहिलेंच आहे. मागील वर्षीं तें सारें उकलून आम्हीं पुन्हां जोडलें. दट्ट्यावर नव्या कड्या चढविल्या, झडपा घासल्या, कार्ब्युरेटर धुतला. दोरी ओढतांच इंजिन सुरू झालें व मुलांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु दुसऱ्याच क्षणीं त्याचा आवाज चढत चढत किंकाळीसारखा झाला. एका मुलानें पेट्रोलचा नळ बंद केला. पण कार्ब्युरेटरच्या वाटींत पेट्रोल शिल्लक असल्यामुळें इंजिन थांबेना. शेवटीं थ्रॉटलची झडप हातानें मिटली, तेव्हां तें बंद पडलें. चूक माझी होती. गव्हर्नरची तरफ मीं केवळ अंदाजानें बसविली होती.

गव्हर्नर हा इंजिनाचा लगाम होय. जेम्स वॉट यानें १७८८ सालीं वाफेच्या इंजिनास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लाविला. तत्पूर्वीं पवनचक्क्यांत ही युक्ति योजीत असत. आपल्या इंजिनांतही तत्त्व तेंच आहे. आंत फिरणारीं लहान वजनें वेग वाढला कीं बाहेर फांकतात व एक दांडी फिरवितात. त्या दांडीच्या बाहेरील टोंकावर तरफ आवळलेली असते; ती थ्रॉटल मिटूं लागते. उलट स्प्रिंग थ्रॉटल उघडूं पाहते. या ओढाताणींत जेथें तोल सांपडतो, तोच इंजिनाचा वेग. भार पडून वेग उतरला कीं वजनें आंत येतात, थ्रॉटल अधिक उघडते आणि वेग सांवरतो.

आतां जुळणी पहा. इंजिन थांबलेलें असतां वजनें पूर्ण मिटलेलीं आणि थ्रॉटल पूर्ण उघडी, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधल्या पाहिजेत. याकरितां तरफेचा नट सैल करावा. तरफ सरकवून थ्रॉटल पूर्ण उघडावी व ती तशीच धरून ठेवावी. मग, उघडतांना तरफ ज्या दिशेनें फिरली, त्याच दिशेनें दांडी अडेपर्यंत हलकेच फिरवावी आणि नट आवळावा. असें केल्यानें मधली ढिलाई नाहींशी होते व वजनें फांकूं लागतांच थ्रॉटल मिटूं लागते. मीं ती ढिलाई तशीच ठेवली होती. म्हणून वजनें फांकलीं तरी थ्रॉटल उघडीच राहिली.

त्यानंतर सर्व सांधे हातानें हलवून पहावे. कोठेंही अडकतां कामा नये. इंजिन सुरू करतांना एक हात थ्रॉटलजवळ असावा. वेग स्प्रिंगच्या ताणानें ठरवावा, पण तो कानानें नव्हे, वेगमापकानें मोजावा आणि कारखानदारानें दिलेल्या आंकड्यापलीकडे नेऊं नये. वेग आळीपाळीनें चढूं-उतरूं लागला, तर सांध्यांतील अडथळा, चुकीच्या भोंकांत अडकविलेली स्प्रिंग किंवा कार्ब्युरेटरमधील कचरा शोधावा. या हेलकाव्याचें गणित मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६८ सालीं मांडलें.

इतकी दक्षता कां? फिरत्या भागांवरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. मिनिटास ३,००० फेऱ्यांचे ४,५०० झाले, म्हणजे वेग दीडपट झाला, तर ताण सव्वादोनपट होतो. अशा वेळीं कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचें कवच फोडूं शकतो, आणि गतिचक्र फुटलें तर जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊं शकतो. त्या दिवशीं टाळ्या वाजविणारीं मुलें इंजिनापासून दोन हातांवर उभीं होतीं, हें आठवलें कीं आजही माझ्या अंगावर कांटा येतो.

ज्या पालकांच्या मळ्यांत असें इंजिन असेल, त्यांनीं दुरुस्तीनंतर प्रथम गव्हर्नर तपासून घ्यावा. इंजिन सुरू झालें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. तें भार असतां व नसतां एकसारखें चालूं लागलें, म्हणजे संपलें. आमच्या कर्मशाळेंत आतां नियमच आहे : जोडणारानें तरफ बसवावी, दुसऱ्यानें ती तपासावी, आणि मगच दोरीस हात लावावा. हा नियम शिक्षकांसही लागू आहे.