लहान शहराचा विकास आराखडा : इंदूरच्या एका जुन्या अहवालाचा अभ्यास

शेतजमीन बिनशेती होते, तिचे तुकडे पडतात, चार-पाच वर्षांत तेथे घरे उभी राहतात आणि त्यानंतर गटार कोठून न्यावयाचे हा प्रश्न नगरपालिकेपुढे येतो. लहान शहरांची वाढ बहुधा अशा उलट्या क्रमाने होते. हा क्रम सुलटा करण्यासाठी कायद्याने जे साधन दिले आहे, त्यास विकास आराखडा म्हणतात. पुढील पंधरा-वीस वर्षांत वस्ती किती वाढेल, तिला पाणी कोठून मिळेल, बाजार, शाळा, कारखाने व स्मशान यांस जागा कोणती, कोणती शेती व कोणते तळे राखावयाचे, या सर्वांचा त्यात एकत्र विचार असतो. एकत्र हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रस्त्याचा विचार एका खात्याने व नळाचा दुसऱ्याने केला, की नवा रस्ता वर्षाच्या आत खोदला जातो, हे आपण पाहतोच.

अशा आराखड्याचा आरंभ कोठून करावा, हे इंदूरच्या उदाहरणावरून चांगले समजते. पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) हे मूळचे स्कॉटलंडमधील जीवशास्त्रज्ञ. पुढे ते नगररचनेकडे वळले व १९१४ साली हिंदुस्थानात आले. होळकर दरबाराने त्यांच्याकडून इंदूरविषयी सविस्तर अहवाल करवून घेतला व तो १९१८ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्या वेळी इंदूरची वस्ती लाखाच्या आत होती. कापडाच्या गिरण्या निघाल्या होत्या, प्लेगची साथ वारंवार येत असे, आणि खान व सरस्वती या नद्यांचे काठ घाणीने भरले होते.

रोगाचे निदान होण्यापूर्वी औषध देऊ नये, हा गेडीस यांचा आग्रह होता. यासाठी ते कचेरीत नकाशा मांडून न बसता गल्लीबोळांतून पायी हिंडत. विहिरी, देवळे, झाडे, पडकी घरे व मोकळ्या जागा टिपून घेत. जुन्या वस्तीतून सरळ व रुंद रस्ता काढणे त्या काळच्या अभियंत्यांस आवडे. गेडीस यांस ते पसंत नव्हते. ज्यांची घरे अशा रस्त्याखाली जातात ते शेजारच्या दाट वस्तीत शिरतात, व पूर्वीचीच गर्दी दुसरीकडे वाढते, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी पडके घर तेवढे काढावे, कोपरा मोकळा करावा, त्या जागी एखादे झाड लावावे, विहीर दुरुस्त करावी. या रीतीस ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. इंदूरला येण्यापूर्वी तंजावर येथे त्यांनी हाच उपाय सुचविला होता. तेथील किल्ल्याच्या भागात नव्या रस्त्यांच्या योजनेस सुमारे ३०,००० रुपये लागणार होते. गेडीस यांच्या रीतीने ते काम सुमारे ५,००० रुपयांत होण्यासारखे होते. ज्या नगरपालिकेचे उत्पन्न थोडे, तिने हे प्रमाण अवश्य ध्यानात घ्यावे.

इंदूरच्या मुक्कामात एका दिवाळीस त्यांनी मोठी मिरवणूक काढली. ठराविक मार्ग सोडून, ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील तेथूनच ती जाईल, असे अगोदर जाहीर केले होते. साहजिकच घरोघरी झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, रावण होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. शुभ्र वेषातील सफाई कामगार हार घालून मानाने चालत होते. योजनेतील इमारतींच्या प्रतिकृतीही होत्या व लोकांस तुळशीची रोपे वाटण्यात आली. त्यामुळेच प्लेग हटला असे म्हणता येणार नाही. परंतु आराखडा लोकांस दाखविण्याची याहून सुगम रीत क्वचितच कोणी योजिली असेल.

आज ही समजूत देण्याचे काम कायद्यातील ‘हरकती व सूचना’ या टप्प्यावर येते. मध्य प्रदेशात १९७३ च्या व गोव्यात १९७४ च्या अधिनियमान्वये प्रथम चालू भू-वापराचा नकाशा तयार होतो, मग आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठराविक मुदतीत नागरिकांस लेखी हरकत घेता येते. आपला सर्व्हे नंबर रस्त्यात गेला की शाळेसाठी राखला गेला, हे पाहण्याची खरी वेळ तीच. पुष्कळ लोक मंजुरीनंतर कचेरीत येतात. तोपर्यंत मुदत संपलेली असते. नकाशा समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांनीही उपकार न मानता कर्तव्य मानावे.

मुदतीत फेरविचार झाला नाही तर काय होते, हेही इंदूरच दाखविते. तेथील १९७५ चा आराखडा १९९१ पर्यंतच्या वाढीसाठी होता. त्यापुढचा, २०२१ पर्यंतचा आराखडा १ जानेवारी २००८ रोजी अंमलात आला. मधली सोळा वर्षे शहर थांबून राहिले नाही. जुन्या नकाशात ज्यांचा विचारच नव्हता अशा वसाहती त्या काळात उभ्या राहिल्या. नंतर आखलेला रस्ता उभ्या घरांवरून न्यावा लागतो आणि वाद न्यायालयात जातात.

शिक्षकांनी भूगोलाच्या तासास एक प्रयोग करून पाहावा. वरच्या वर्गातील मुलांकडून एका वॉर्डाचा हातनकाशा काढवून घ्यावा : विहिरी, ओढा, मोठी झाडे, पाणी तुंबणाऱ्या जागा, रिकामी घरे. पावसाळ्यात तो एकदा पुन्हा तपासावा. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की हा नकाशा त्याच्याशेजारी ठेवून पाहावा, व जो ओढा मसुद्यात दिसत नाही त्याची सूचना मुदतीत लिहून द्यावी.