मूळ रेखाटन आणि छापील पान : वृत्तपत्रीय चित्रमालिकांच्या संग्रहाचा विचार

वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. दुसऱ्या दिवशी त्याची रद्दी होते. त्याच पानावर चालणाऱ्या चित्रमालिकेचे आयुष्य मात्र कित्येकदा दीर्घ असते. अमेरिकेतील जॉर्ज हेरिमन यांची ‘क्रेझी कॅट’ ही मालिका १९१३ पासून १९४४ पर्यंत चालली. चार्ल्स शुल्त्झ यांनी १९५० ते २००० या काळात ‘पीनट्स’चे १७,८९७ भाग एकहाती रेखाटले. एवढ्या विस्ताराच्या निर्मितीचा अभ्यास करावयाचा झाल्यास तिची संहिता कोणती मानावी, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. छापलेले पान प्रमाण धरावे, की चित्रकाराच्या हातचे मूळ रेखाटन? मूळ रेखाटने जमविणाऱ्या संग्राहकांच्या उद्योगाचे मोल या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून आहे.

मूळ रेखाटन म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. ब्रिस्टल बोर्ड नावाच्या जाड, गुळगुळीत कागदावर चित्रकार प्रथम पेन्सिलीने आखणी करी. नंतर टाक किंवा कुंचला घेऊन काळ्या शाईने रेषा पक्क्या करी. चुकलेल्या जागी पांढरा रंग लावला जाई, कधी नव्या कागदाचा तुकडा डकविला जाई. फिकट निळ्या पेन्सिलीची खूण छायाचित्रात उमटत नसे. म्हणून सूचना त्या रंगात लिहिल्या जात. हे रेखाटन छापील आकाराहून बरेच मोठे असे. त्याचे छायाचित्र घेऊन, आकार लहान करून, ब्लॉक तयार होई. ब्लॉक झाला की छपाईच्या दृष्टीने मूळ कागदाचे प्रयोजन संपले. तो कलाकृती म्हणून नव्हे, तर छापखान्याची प्रत म्हणूनच जन्माला आलेला असे.

रविवारच्या रंगीत पानांकडे पाहिले असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्या पानांचे मूळ रेखाटन सामान्यतः केवळ काळ्या रेषांचे असे. रंग कोठे कोणता हवा, याची सूचना चित्रकार वेगळ्या प्रतीवर करी आणि ब्लॉक करणारे कारागीर ती प्रत्यक्षात आणीत. म्हणजे वाचकाने जे रंगीत पान पाहिले, ते त्या स्वरूपात चित्रकाराच्या मेजावर कधीच नव्हते. हेरिमन यांनी काही मूळ पाने पुढे स्वतः रंगवून स्नेह्यांना भेट दिली. असे पान देखणे खरे. पण ते छापील पानाचे मूळ नसून त्याच हाताने तयार केलेला दुसरा पाठ आहे. उलटपक्षी, खोडलेली पेन्सिलीची रेघ, पांढऱ्या रंगाखाली दडलेला आधीचा चेहरा, बदललेला संवाद हे सारे फक्त मूळ कागदच सांगू शकतो. निर्मितीची प्रक्रिया मूळ कागदात आहे. पूर्ण झालेली कृती छापील पानात आहे. दोहोंपैकी एकच जपले, तर अर्धाच ग्रंथ हाती राहतो.

हे दोन्ही अर्धे नष्ट होण्याची कारणे मात्र वेगवेगळी होती. मूळ रेखाटनांचे भवितव्य मालकीशी निगडित होते. मालिका निरनिराळ्या वृत्तपत्रांना पुरविणाऱ्या सिंडिकेट संस्थांकडे बहुधा मालिकेचे हक्क असत आणि मूळ कागदही त्यांच्याच गोदामात पडून राहत. त्यांतील पुष्कळसे वाटले गेले, पुष्कळसे फेकले गेले. ‘बीटल बेली’चे कर्ते मॉर्ट वॉकर एक आठवण सांगत : एका सिंडिकेटच्या कार्यालयात गळणारे पाणी टिपण्यासाठी ‘क्रेझी कॅट’ची मूळ पाने जमिनीवर अंथरलेली त्यांनी पाहिली होती. मालकीचे हे दुःख मिल्टन कॅनिफ यांच्या चरित्रातही दिसते. १९३४ मध्ये सुरू केलेली ‘टेरी अँड द पायरेट्स’ ही अत्यंत लोकप्रिय मालिका त्यांनी १९४६ मध्ये सोडली. कारण ती त्यांची नव्हती. १९४७ मध्ये आरंभिलेल्या ‘स्टीव्ह कॅन्यन’चे हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले.

छापील पानांवरचे संकट ग्रंथालयांतूनच आले. वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म तयार झाल्यावर अनेक अमेरिकी ग्रंथालयांनी बांधीव खंड काढून टाकण्यास आरंभ केला. मायक्रोफिल्म कृष्णधवल असल्याने रविवारच्या पानांचे रंग तीत उतरणे शक्यच नव्हते. बिल ब्लॅकबर्ड यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एक संस्था स्थापन केली, ती हे खंड वाचविण्यासाठी. खाजगी व्यक्तीस जे देता येत नव्हते, ते ग्रंथालये संस्थेला देऊ शकत होती. हा संग्रह पुढे ओहायो राज्य विद्यापीठाने घेतला. १९९८ मध्ये तो कोलंबसला पोहोचला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७५ टन भरले. त्याच विद्यापीठात १९७७ मध्ये कॅनिफ यांच्या कागदपत्रांपासून व्यंगचित्र-ग्रंथालयाचा प्रारंभ झाला होता. वॉकर यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या संग्रहालयातील मूळ रेखाटनेही २००८ मध्ये तेथेच आली, आणि बिल वॉटरसन यांनी ‘केल्विन अँड हॉब्ज’ची बहुतांश मूळ रेखाटने तेथेच ठेवली आहेत. अशा रीतीने मूळ कागद आणि छापील पान ही दोन्ही साधने एका छताखाली आली. अभ्यासाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व कोणत्याही एका दुर्मीळ चित्राहून अधिक आहे.

तथापि, सारीच रेखाटने संस्थांकडे जात नाहीत. १९६९ च्या अमेरिकी करसुधारणेनंतर चित्रकाराने स्वतःची कृती संस्थेस दान दिल्यास बाजारभावाइतकी सवलत मिळेनाशी झाली. केवळ कागद-शाईसारख्या साहित्याचा खर्च मान्य होऊ लागला. दान करणे तोट्याचे आणि विकणे फायद्याचे ठरले. बाजारात किंमतही चढत गेली : वॉटरसन यांनी स्वतः रंगवून भेट दिलेले रविवारचे एक मूळ रेखाटन २०१२ मध्ये लिलावात दोन लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले.

या किमतीमुळे कागद फेकला जाण्याचे भय संपले, हा बाजाराचा उपकार नाकारता येणार नाही. पण बाजार कागदाला चित्र समजतो, आणि चित्र एकेकटे विकले जाते. आठवड्याचे सहा दिवस चालणारे कथानक बारा आठवडे रेंगाळले, तर त्याचे बहात्तर भाग होतात. नायक ज्यात ठळकपणे दिसतो तो भाग चौकटीत बसून भिंतीवर जातो. ज्या भागात दोन दुय्यम पात्रे नुसती बोलत बसली आहेत, त्यास गिऱ्हाईक कमी. कथेचा सांधा मात्र अनेकदा त्याच संवादात असतो. पोथीची पाने सुटी करून सुंदर तेवढी विकावीत, तसा हा प्रकार आहे. संग्राहकाने सलग भाग एकत्र ठेवले, निदान प्रत्येक भागाची तारीख आणि प्रतिमा नोंदवून अभ्यासकांस खुली केली, तरच त्याचा छंद विद्येच्या उपयोगी पडतो.

हा प्रश्न मराठी वाचकास परका नाही. ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करण्याचे कार्य एकनाथांनी शके १५०६ मध्ये केले. प्रती जुळवून पाठ ठरविण्याची दृष्टी त्यामुळे मराठीत जुनी आहे. चित्रमालिकेच्या बाबतीत मात्र ती दृष्टी क्वचितच वापरली जाते. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ मराठी वाचकांस ‘वेताळ’ म्हणून भेटला, तो १९६४ ते १९९० या काळात चाललेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. तेथे वृत्तपत्रातील चौकटी पुस्तकाच्या पानाप्रमाणे कापल्या, नव्याने मांडल्या आणि संवाद अनुवादित झाले. मूळ रेखाटन, वृत्तपत्रातील छपाई आणि मराठी पुस्तिका असे हे किमान तीन पाठ आहेत. त्यांची तुलना अनुवादविचारालाही उपकारक ठरेल.

भारतीय भाषांतील वृत्तपत्रांनीही स्वतःच्या मालिका घडविल्या आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून वाचकांसमोर आला. अशा मालिकांची मूळ रेखाटने आणि छापील अंक यांची जोडीने नोंद ठेवणे, हे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना फार खर्चाचे काम नाही. रद्दीवाल्याच्या तराजूत गेलेले मात्र कोणत्याही लिलावात परत मिळत नाही.