बांधावरचा बारका उंदीर

मैत्रिणींनो, भुईमूग उपटताना पायाजवळून बोटाएवढा उंदीर सुर्रकन पळतो. आपण म्हणतो, "घुशीचं पिल्लू दिसतंय." पण दर वेळी ते पिल्लूच असतं असं नाही. तो पूर्ण वाढलेला शेत-उंदीर असू शकतो. शास्त्रीय नाव 'मस बूडुगा'.

ओळख : वजन साधारण 10 ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे साखर! पाठ तपकिरी, पोट पांढरं. बांधात बीळ करून राहतो. बिळाचं तोंड रुपयाच्या नाण्याएवढं. रात्री बाहेर पडतो. दाणे, गवताचं बी खातो आणि किडेही खातो. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते.

घूस वेगळी : ती बारक्या उंदरापेक्षा कितीतरी मोठी असते. बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग दिसतो. कणसं तोडून आत साठवते. बारका उंदीरही दाणे खातोच, पण मोठं नुकसान घुशीचं.

हे कळून फायदा काय? बीळ न ओळखता आपण सगळीकडे विष टाकतो. झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो. त्यावर उतारा नाही. आमिष कोंबडीनं, कुत्र्यानं खाल्लं तर तेही मरतात. लेकराच्या हाती लागलं तर काय होईल, सांगायला नको. शिवाय पिंगळा, गव्हाणी घुबड, धामण हे फुकटचे राखणदार आपण घालवतो.

काय करायचं?
1. बांधावरचं गवत काढा, बांध फार रुंद ठेवू नका.
2. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवा. सकाळी जी उघडी दिसतील, तीच चालू बिळं.
3. रात्री पक्षी बसायला शेतात इंग्रजी टी-आकाराच्या काठ्या रोवा.
4. विष लागलंच तर कृषी सहायकांना विचारून, फक्त घुशीच्या चालू बिळात, आत खोल. हातमोजे घाला. घरातलं भांडं वापरू नका. मेलेली घूस खोल पुरा.
5. कुणाच्या पोटात विष गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका. पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

बैठकीत बोलूया : आपल्या बांधावर चालू बिळं किती? त्यात घुशीची किती? घरात उंदराचं औषध कुठं ठेवलंय, आणि लेकरांचा हात तिथं पोचतो का?