खुर्ची राखीव, पण मत कोणाचं?

(अभ्यास पाठ : गटाच्या बैठकीत एकीने वाचावा, सगळ्यांनी चर्चा करावी.)



ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या राज्यात २०११ पासून हा नियम आहे. पण मोठमोठ्या कंपन्यांतही बाईसाठी जागा ठेवावी लागते, हे किती जणींना ठाऊक आहे?

संचालक मंडळ म्हणजे कंपनीचे कारभारी. पैसा कुठे लावायचा, माल कोणाला विकायचा, मॅनेजर कोण ठेवायचा, हे तेच ठरवतात.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंद असलेल्या प्रत्येक कंपनीच्या मंडळावर किमान एक महिला हवीच. नॉर्वे देशाने तर २००३ मध्येच मोठ्या कंपन्यांसाठी ४० टक्क्यांचा कायदा केला.

वाद कशावरून?

विरोध करणारे म्हणतात, खुर्ची हुशारीवर मिळावी. सक्ती केली की नुसती नावं भरली जातात.

बाजूने बोलणारे म्हणतात, आतले लोक आपल्याच ओळखीतल्यांना बोलावतात, त्यात बाई त्यांना दिसतच नाही. बसायलाच मिळालं नाही, तर अनुभव येणार कुठून?

नावं भरण्याची भीती खोटी नव्हती. कायदा आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी मालकाच्या घरातल्याच बायकांना संचालक केलं. मग शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने नियम कडक केला. मोठ्या ५०० कंपन्यांना २०१९ पासून आणि १००० कंपन्यांना २०२० पासून एक 'स्वतंत्र' महिला संचालक ठेवणं भाग पडलं. स्वतंत्र म्हणजे मालकाच्या नात्यातली नसलेली. म्हणजे पळवाट दिसली म्हणून आरक्षण काढलं नाही, पळवाट बुजवली. मला हाच रस्ता बरोबर वाटतो.

आपल्या जिल्ह्यात याचा काय संबंध?

वाशिम असो की कारंजा, रिसोड, बाजार समितीच्या १८ संचालकांत सोसायटी मतदारसंघातून २ जागा महिलांच्या असतात. गावच्या सेवा सहकारी सोसायटीतही २ जागा आहेत. शेतकरी उत्पादक कंपनीला कंपनी कायद्यातली वरची सक्ती लागू नाही, पण सरकारी समभाग अनुदान हवं असेल तर मंडळावर किमान एक महिला लागते. म्हणून नाव घातलं जातं. अन् मग आपण ऐकतो, "मीटिंगले घरचेच जातात, मी फक्त सही करतो." सरपंचपती आपण पाहिले, आता संचालकपती नको.

चार गोष्टी लक्षात ठेवा

१. नाव : कंपनीचा शेअर स्वतःच्या नावावर घ्या. सोसायटीचं सभासद व्हायला साधारणपणे जमीन नावावर लागते. सातबाऱ्यावर नाव नसेल तर राखीव जागाही लांबच राहते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, ती घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन यावी म्हणूनच.

२. नोटीस : उत्पादक कंपनीच्या मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत एकदा तरी व्हायलाच हवी. नोटीस किमान सात दिवस आधी मिळायला हवी. सोबत विषय मागा आणि ते गटात वाचून घ्या.

३. सही : रजिस्टर घरी आलं म्हणून सही करू नका. कायद्याच्या विरुद्ध ठरावाला मान्यता दिली आणि कंपनीचं नुकसान झालं, तर भरपाई त्या संचालकांकडून वसूल होऊ शकते. 'मला माहीत नव्हतं' हे तिथे चालेलच असं नाही.

४. इतिवृत्त : तुमचा विरोध असेल तर तो लिहून घ्यायला लावा. दर महिन्याला गटाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईला हे काम नवं नाही.

कर्ज कोणाला द्यायचं, वसुली कशी करायची, हे आपण गटात रोज ठरवतो. कंपनीत रक्कम मोठी असते, प्रश्न तेच असतात. आरक्षणाने दार उघडतं, आत जाऊन बोलायचं मात्र आपल्यालाच.

गटात चर्चा करा

- आपल्या गावच्या सोसायटीत महिला संचालक कोण आहेत? मागच्या बैठकीला त्या स्वतः गेल्या होत्या का?
- आपल्या गटातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे?
- पुढच्या निवडणुकीत आपल्यातून कोण उभी राहील? तिला आपण काय मदत करू?

उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.

— तुमची क्षेत्र समन्वयक