दादाने सिगारेट सोडली, आता चहाचं काय?

प्रश्न : आठ दिवस झाले, दादाने सिगारेट सोडली. सगळ्यांवर खेकसतो, रात्रभर कूस बदलत असतो आणि दिवसभर चहावर चहा पितो. आई म्हणते, एक सोडलंय तर निदान चहा तरी मनसोक्त पिऊ दे. आम्ही नेमकं काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आईंची माया कळते, पण चहाच इथे आडवा येतोय. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर मोडून टाकतं. धूर थांबला की काही दिवसांतच हा वेग उतरतो. मग पूर्वीइतकाच चहा घेतला, तरी रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. धडधड, बेचैनी, उडालेली झोप यांचं सगळं खापर सिगारेट सोडण्यावर फुटतं आणि माणूस म्हणतो, यापेक्षा ओढत होतो तेच बरं होतं! म्हणून दादाचा चहा निम्म्यावर आणा आणि दुपारनंतर देऊच नका. दादाला दम्यासाठी थिओफिलिन किंवा मनाच्या आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल, तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना लगेच सांगा. याच कारणाने त्या औषधांचा डोसही बदलावा लागू शकतो.

चिडचिड मात्र बरीचशी निकोटिन तुटल्याची आहे. पहिले काही दिवस ती टोकाला असते, मग तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरते. तेव्हा त्याचं खेकसणं मनाला लावून घेऊ नका. फार जड जात असेल, तर औषधाच्या दुकानात 2 मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगगम चिठ्ठीशिवाय मिळतं. ते नेहमीच्या च्युइंगगमसारखं चघळत बसायचं नसतं. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. आधीची 15 मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत चहा, सरबत काही नको. नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. शर्टाचा वास घेणं, खिसे चाचपणं, बाहेरून आला की तोंडाकडे बघणं आजपासून बंद करा. अशाने माणूस सिगारेट सोडत नाही, लपवायला शिकतो. त्यापेक्षा दादालाच विचारा, ‘तलफ आली की आम्ही काय करू?’ एखाद्याला गप्पा हव्या असतात, एखाद्याला एकटं बसायचं असतं. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते, तेवढी निभावली की झालं. रात्रीच्या जेवणानंतर त्याचे पाय टपरीकडे वळत असतील, तर त्या वेळी शतपावलीला त्याच्याबरोबर निघा.

‘सिगारेट नको तर तंबाखूचा बार भर’ असं सांगणारे मित्र भेटतीलच. बारातही निकोटिनच आहे, वर तोंडाच्या कर्करोगाची भीती. मिश्रीचंही तेच.

मध्येच एखादी ओढली गेली, तर ‘वाटलंच होतं’ हे शब्द तोंडातून काढू नका. बरेच जण दोन-चार प्रयत्नांनंतर सोडतात. कुठे ओढली, कोण बरोबर होतं, हे शांतपणे विचारा आणि पुढचे काही आठवडे ती जागा टाळायला मदत करा. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, पण तो दादाने स्वतः लावलेला बरा.