फोटो लायब्ररीचा व्ह्यू परत उभारताना

जुन्या शेअरपॉइंट साइटवरच्या फोटो लायब्ऱ्या नव्या साइटवर न्यायचं काम तुझ्याकडे आलंय असं कळलं, म्हणून हे लिहितोय. हे काम आता बऱ्याच ठिकाणी निघणार. २०१० च्या आवृत्तीचा आधार १३ एप्रिल २०२१ ला संपला, २०१३ चा ११ एप्रिल २०२३ ला, आणि २०१६ व २०१९ साठी मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०२६ ही तारीख ठरवलेली आहे.

फोटो हलवणं त्यातलं सोपं काम. माणसांना सवय असते ती व्ह्यूची. बांधकामाच्या जागेवरचा इंजिनिअर सकाळी लायब्ररी उघडतो तेव्हा त्याला त्याच्याच पुलाचे, या महिन्यात काढलेले फोटो, नवे वर, छोट्या चित्रांच्या रांगेत हवे असतात. तसे दिसले नाहीत तर त्याच्या लेखी फोटो हरवले. तू कितीही सांगितलंस की सगळ्या फाइली जागेवर आहेत, तरी त्याचं समाधान होणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

फोटो लायब्ररीला डॉक्युमेंट लायब्ररीची बहीण समजू नकोस. डॉक्युमेंट लायब्ररीचा साचा १०१ क्रमांकाचा, हिचा १०९. जुन्या आवृत्त्यांत तिचा मूळ ‘ऑल पिक्चर्स’ हा व्ह्यू तीन रूपांत दिसतो: तपशील, थंबनेल आणि फिल्मस्ट्रिप. ही रूपं कॉलमांच्या यादीतून येत नाहीत, ती त्या व्ह्यूच्या आतल्या मांडणीत असतात. म्हणून व्ह्यूंच्या संग्रहावर ‘ॲड’ चालवून, कॉलम आणि क्वेरी देऊन नवा व्ह्यू केलास की साधा तक्ता हाती येतो आणि चित्रांची रांग जाते. यावरचा उपाय ‘क्लोन’. नवी फोटो लायब्ररी तयार झाली की तिच्यात ‘ऑल पिक्चर्स’ आधीपासून असतोच. त्याचीच प्रत काढ, तिला जुन्या व्ह्यूचं नाव दे, मग जुन्याची क्वेरी, कॉलम आणि एका पानावरच्या फोटोंची संख्या तिच्यात भर. मांडणी प्रतीबरोबर आपोआप येते. स्कोपही बघ. फोल्डर न दाखवता सगळे फोटो एकत्र दाखवणारा व्ह्यू असेल तर स्कोप ‘रिकर्सिव्ह’ लागतो. तो राहिला तर वरच्या पातळीवरचे दहा-वीस फोटो दिसतात आणि बाकीचे दिसत नाहीत.

छोटी चित्रं मात्र उचलून नेऊ नकोस. लायब्ररीच्या पोटात ‘_टी’ आणि ‘_डब्ल्यू’ असे दोन लपलेले फोल्डर असतात, पूल.जेपीजी या फोटोचं छोटं रूप तिथे पूल_जेपीजी.जेपीजी अशा नावाने बसलेलं असतं. नव्या फोटो लायब्ररीत मूळ फोटो चढला की ती रूपं तिथे पुन्हा तयार होतात.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तीच तुझ्याकडून होऊ नये. एका ग्राहकाच्या साइटवर मी सगळे व्ह्यू पुसून नव्याने उभारायचा कोड लिहिला. लायब्ररीच्या व्ह्यूंवर फिरायचं, मूळचा सोडून बाकीचे काढायचे, इतकं साधं. पण मुखपृष्ठावर लायब्ररीचा वेब पार्ट लावलेला असतो, त्याचाही एक व्ह्यू त्याच संग्रहात असतो, फक्त ‘हिडन’ अशी खूण असलेला. माझ्या कोडने ती खूण बघितली नाही. सकाळी मुखपृष्ठावरची फोटोंची पट्टी गायब. व्ह्यूंचं जुनं एक्सएमएल मी कुठे ठेवलंही नव्हतं. लोकांना विचारून विचारून, त्यांनी कधीतरी काढलेल्या स्क्रीनशॉटवरून दोन दिवस मांडणी परत जुळवत बसलो. तेव्हापासूनचा माझा नेम: काहीही पुसायच्या आधी प्रत्येक व्ह्यूचं ‘स्कीमा एक्सएमएल’ फाइलमध्ये उतरवून ठेवायचं, आणि हिडन व्ह्यूंना हात लावायचा नाही. पुसायचेच असतील तर आधी त्यांचे आयडी वेगळ्या यादीत घे आणि मग पूस. फिरता फिरता पुसलंस तर संग्रह बदलला म्हणून कोड मध्येच थांबतो, अर्धं काम झालेलं आणि अर्धं राहिलेलं.

कॉलमांच्या नावांकडे आपल्याकडच्या कामात विशेष लक्ष दे. व्ह्यूला कॉलमचं पडद्यावरचं नाव चालत नाही, आतलं नाव लागतं, आणि ते कॉलम पहिल्यांदा तयार होताना कायमचं ठरतं. मराठीत कॉलम केला की प्रत्येक अक्षरचिन्हाची सात वर्णांची सांकेतिक खूण होते. एकट्या ‘न’चं _एक्स०९२८_ होतं. आतल्या नावाला ३२ वर्णांची मर्यादा. ‘विभाग’मध्ये व, वेलांटी, भ, काना, ग अशी पाच चिन्हं, म्हणजे ३५ वर्ण, नाव शेवटाला तुटतं. तुटलेलं नाव क्वेरीत हाताने लिहायला गेलास तर हमखास चुकतं. त्यामुळे नवा कॉलम रोमन लिपीत, जागा न सोडता, छोट्या नावाने तयार कर आणि नंतर त्याचं दिसणारं नाव मराठीत बदल. आतलं नाव स्वच्छ राहतं आणि लोकांना मराठीच दिसतं. व्ह्यूच्या पानाच्या पत्त्यालाही हीच रीत लाव.

कोड लिहिताना आणखी एक जप: ‘लिस्ट.डीफॉल्टव्ह्यू’ प्रत्येक वेळी नवी वस्तू हातात देतो. एका ओळीत त्यात कॉलम घातलास आणि पुढच्या ओळीत पुन्हा ‘लिस्ट.डीफॉल्टव्ह्यू’ लिहून ‘अपडेट’ केलंस तर काहीही साठत नाही, चूकही दाखवली जात नाही. व्ह्यू एका व्हेरिएबलमध्ये धर, बदल त्यात कर, त्यावरच अपडेट चालव. क्वेरी देताना बाहेरचं ‘क्वेरी’ हे टॅग काढून टाक, व्ह्यूला फक्त आतलं ‘व्हेअर’ आणि ‘ऑर्डरबाय’ हवं.

शेअरपॉइंट ऑनलाइनवर जात असशील तर ‘क्लोन’ मिळणार नाही, ती सर्व्हरवरच्या कोडची सोय आहे. तिथे पीएनपी पॉवरशेलने व्ह्यू उभार, पण टाइल्सची मांडणी आणि जेसनमधलं फॉरमॅटिंग व्ह्यूच्या वेगळ्या गुणधर्मांत असतं, ते आठवणीने स्वतंत्र ने. लायब्ररीत ५,००० हून जास्त फोटो असतील तर ज्या कॉलमवर गाळणी लावलीय त्याला आधी इंडेक्स लाव.

आणि एक गोष्ट कोडने होणार नाही. लोकांनी स्वतःपुरते केलेले वैयक्तिक व्ह्यू तुझ्या खात्याला दिसतच नाहीत, फक्त तुझे तुला दिसतात. कोणी तीन-चार वर्षं मेहनतीने जमवलेली गाळणी अशीच जाईल आणि तुला पत्ताही लागणार नाही. स्थलांतराच्या निदान आठवडाभर आधी सगळ्यांना कळव, आपले व्ह्यू उतरवून ठेवायला सांग, आणि जे रोज लायब्ररी वापरतात त्यांच्या जागेवर जाऊन एकदा बस.