घरच्या संगणकांतील ठेव

मुलांचे निबंध, वडिलांचे हिशेब, मंगलकार्यांचीं छायाचित्रें हें सारें आतां घरच्या संगणकांत सांठविलें जातें. दागिन्यांच्या पेटीस आपण कुलूप लावतों, लोणच्याच्या बरणीस दादरा बांधतों. या ठेवीविषयीं मात्र आपण निष्काळजी असतों. तिचें फळ काय होतें, तें प्रथम सांगतों.

आमच्या परिचयाच्या एका घरीं आजीबाईंना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या मुखोद्गत होत्या. त्यांच्या चिरंजिवांनीं रविवारीं त्यांच्याजवळ बसून त्या संगणकावर उतरून घेतल्या. पुढें आजीबाई वारल्या. आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास संगणकाची हार्ड डिस्क एकाएकीं निकामी झाली. दुसरी प्रत नव्हती. नातीनें पूर्वीं आत्याबाईंस ई-मेलनें पाठविलेल्या चाळीस ओव्या तेवढ्या उरल्या. त्या उघडून पाहतात तों मराठीऐवजीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी! यावरून आम्हांस तीन नियम सुचतात.

पहिला नियम असा कीं, काम चालू असतांनाच तें जपावें. विंडोज संगणकावर परिच्छेद पुरा होतांच कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबाव्या, म्हणजे लेख जतन होतो. चुकून मजकूर पुसला गेल्यास घाबरूं नये. कंट्रोल व झेड दाबल्यास तो बहुधा परत येतो. काढून टाकलेली फाइल प्रथम ‘रिसायकल बिन’मध्यें पाहावी. परंतु पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल सामान्यतः तेथें जात नाहीं, हें ध्यानांत असावें.

दुसरा नियम प्रतींचा. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्या, व एक प्रत घराबाहेर असावी. एक संगणकांत, एक बाहेरच्या डिस्कवर व एक नातलगाकडे अथवा इंटरनेटवरील सांठ्यांत, अशी वांटणी सोयीची पडते. प्रत घेतल्यावर बाहेरची डिस्क काढून ठेवावी. नाहींतर संगणकांत शिरलेला उपद्रवी प्रोग्राम तिचीही नासाडी करील. इंटरनेटवरील सांठा आपल्या संगणकाशीं सतत जुळता ठेवलेला असेल, तर एकीकडे पुसलेलें दुसरीकडेही पुसलें जातें. म्हणून त्या एकावरच भिस्त ठेवूं नये. शिवाय महिन्यांतून एकदां प्रत उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाहीं, ती असून नसल्यासारखीच.

तिसरा नियम लिपीचा. जुन्या पुष्कळ मराठी फाँटांत संगणक आंतून रोमन अक्षरांचेच क्रमांक लिहीत असे. वर फक्त देवनागरीचा वेष चढविलेला असे. फाँट नसला कीं वेष उतरतो आणि खिचडी दिसते. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीच्या अक्षरांस स्वतःचे क्रमांक मिळाले. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, जगांतील कोणत्याही युनिकोड संगणकावर तो ‘क’च राहतो. यास्तव सेटिंग्जमधील भाषांच्या यादींत मराठी जोडून घ्यावी, व विंडोज कळ आणि स्पेस बार दाबून कळफलक बदलावा. जुन्या फाँटांतील लेख आजच युनिकोडांत रूपांतरित करून घ्यावे. मात्र मूळ फाइल टाकून देऊं नये, कारण रूपांतरांत जोडाक्षरें कधीं कधीं चुकतात.

त्या चाळीस ओव्या जुना फाँट मिळाल्यावर वाचतां आल्या. नातीनें त्या युनिकोडांत उतरविल्या असून आतां त्यांच्या तीन प्रती आहेत. बाकीच्या आजीबाईंबरोबर गेल्या.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं जाऊन आईवडिलांस एवढेंच विचारा कीं, कोणती फाइल गेली तर आपणांस सर्वांत अधिक दुःख होईल? तिची दुसरी प्रत निजण्यापूर्वीं करा.